खालचा दिवा, वरचं बटण

...आणि वर म्हणतात कसे, "बाबा, आता तुम्हाला बटणाला हातसुद्धा लावावा लागणार नाही!" आता मला सांगा, मी कधी तक्रार केली होती का, की बटण दाबून दाबून माझं बोट झिजलं म्हणून? पण जावई पडले. मुलगा असता तर म्हटलं असतं, ठेव ती पक्कड खाली आणि जेवायला चल. जावयाला काय म्हणणार? वा, छान, म्हणायचं आणि शिडी धरायची. मी शिडी धरली. मला काही वाटलं नाही.

बसा ना, उभे का? तुमच्या फ्रेमचा गोंद वाळायचाय अजून, बसा तिघंही त्या बाकावर, काचेला पाय लावू नका म्हणजे झालं. तर तुम्हाला सांगतो, हा जो दिवा आहे ना माझ्या डोक्यावर, त्याचं बटण इथे खाली दुकानात नव्हतंच कधी. ते वर, आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी! घर बांधलं तेव्हा वायरमनने कुठली वायर कुठे नेली कोण जाणे, पंखा इथला इथे, आणि दिवा मात्र वरून लागायचा. मी म्हटलं, उद्या बोलावतो त्याला, बदलून घेतो. तर ही म्हणाली, राहू द्या, मला बरंय. ही म्हणजे आमची मिसेस. बरंय म्हणजे काय, तर मी इथे लाकूड कापत असलो की मशीनच्या आवाजात हिची हाक मला ऐकू यायची नाही, घसा बसायचा बिचारीचा. मग ती वरून दिव्याची उघडझाप करायची. एकदा मिचमिचला की चहा. दोनदा, जेवण. तीनदा, कोणीतरी आलंय, सदरा घालून या. आणि रागावली असली ना, की नेमकी मी काच कापत असताना... टक. अंधार. मग मी काचेवर हिरकणी टेकवून तसाच उभा, हिचा राग उतरेपर्यंत.

सोय म्हणून सुरू झालं हो. पण सोय झाली की माणूस सुस्तावतो. आधी हाक गेली. मग "चहा झालाय" गेलं, कारण दिव्याने सांगितलेलंच असायचं. मग ताटावर बसल्यावर काय बोलायचं? मुलगी होती तोवर ती बोलायची दोघांच्या वाटचं, ती लग्न होऊन गेली आणि घरात भांड्यांचा आवाज तेवढा राहिला. भांडण नाही, अबोला नाही, गैरसमज करून घेऊ नका. बोलायचं ते बोलून झालं होतं, इतकंच. मला काही वाटायचं नाही. दिवा मिचमिचला की वर जायचं, जेवायचं, खाली यायचं. चाललं होतं.

आता मुलीचं ऐका. तिला लहानपणापासून वाटायचं की खाली दुकानात व्होल्टेज कमी-जास्त होतं! आम्हीही कधी सांगितलं नाही, काय सांगणार पोरीला, की तुझे आईवडील बल्बवर बोलतात? तर ती नवऱ्याला म्हणाली, बाबांचा दिवा सारखा मिचमिचतो, डोळे जातील त्यांचे, तुम्ही एवढं सगळं घरचं करता, माझ्या बाबांचं करा की. प्रेमाने म्हणाली हो. आणि जावई म्हणजे विमा कंपनीत नोकरीला, पण जीव सगळा असल्या वस्तूंत. आले खोकं घेऊन.

"बाबा, फोडायचं काही नाही. जुनेच बोर्ड, जुनीच बटणं. मागे फक्त ही डबी बसवायची, काडेपेटीएवढी, की झालं. फोनवरून लावा, तोंडाने सांगा, बटणाने लावा, कसंही." सगळ्या खोल्यांत बसवल्या डब्या. आणि मग या दिव्यापाशी आले आणि कपाळालाच हात लावला. "बाबा, ही केवढी चूक! खालच्या दिव्याचं बटण वर? इतकी वर्षं तुम्ही काढलीत कशी?" मी म्हटलं, निघाली. "थांबा, दुरुस्त करतो." म्हणून त्यांनी वरच्या त्या बटणाची वायर सुटी करून टाकली, आणि इथे, तो बघा कोपऱ्यात, पांढरा डोळा, तो बसवला. त्याला माणूस हलताना दिसला की दिवा लागतो. कोणी हललं नाही की तो समजतो खोली रिकामी, घालवतो दिवा. आणि वरचं बटण? ते आहे. जागा तीच, वर-खाली होतं, टक वाजतं, होत काही नाही. जावई म्हणाले, शोभेला राहू दे. माझ्याकडे बघून नाही म्हणाले, तरी मला आपलं वाटलं, बटण आणि मी, दोघांबद्दल म्हणताहेत.

हिला एक बोलणारं खोकं दिलं ओट्यावर. "आई, फक्त 'अगं ऐक' म्हणायचं आणि काय हवं ते सांगायचं." त्या बटणाचंही सांगितलं असणार त्यांनी, पण फोडणी तडतडत होती, हिने मान हलवली. हिची मान म्हणजे हो असतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, जावयांना काय कळणार?

गेले ते आपल्या गावी. दुसऱ्या दिवशी मी एक फ्रेम चिकटवत होतो, घाईची होती, म्हणून तो झटपट गोंद घेतलेला. कोपरा जुळवला, अंगठ्याने दाबून धरला. आता कोपरा धरला की हलायचं नसतं, मी पुतळा होऊन बसलो. आणि गेला ना दिवा! मिचमिचला नाही, गेला, आणि येईना. तुम्हाला सांगतो, हिच्या रागाचा अंधार सोडला, तर दिवा जाऊन गेलेलाच राहिला, असं आमच्याकडे एकदाच झालं होतं, हिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा. हिला बटणावरचा हात उचलताच आला नव्हता. मी उठलो तो तसाच, जिन्यावर ठेचकाळत, वर. तर ही लसूण सोलतेय.

मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "तुम्हाला काय झालं?" मी म्हटलं, "दिवा गेला." ती म्हणाली, "मी नाही घालवला." आमच्यात एवढं बोलणं फार दिवसांनी झालं होतं. मग तिने खाली पाहिलं, आणि मीही पाहिलं, तर फ्रेम माझ्याबरोबर आलेली, अंगठ्याला चिकटून, आतल्या फोटोतून कुणाचे तरी नवरा-नवरी आमच्याकडे बघताहेत. हिने पाणी गरम केलं, माझा हात हातात घेतला आणि अंगठा सोडवत बसली, हळूहळू, साल निघू नये म्हणून. मला काही वाटलं नाही. अंगठा बधिर होता.

मग मी डोक्यात पक्कं केलं, की दिवा जाणं म्हणजे ही नव्हे, तो डोळा. लक्ष द्यायचं नाही. दिवा गेला की हात हलवायचा, आला की कामाला लागायचं. आणि तिकडे वर काय होत होतं? मला काय ठाऊक? मी आपला भूक लागली की जायचो, तर ताट झाकलेलं, भात गार, आणि ही खिडकीकडे तोंड करून. मी काही विचारलं नाही, ती काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी जेवायचो गारच. मला काही वाटत नव्हतं.

मग एकदा सुतळी संपली म्हणून मी असाच अवेळी वर निघालो, आणि जिन्यात होतो तर वरून आवाज. टक-टक, टक-टक. दोनदा, म्हणजे जेवण. थांबून पुन्हा, टक-टक, टक-टक. मी खाली वळून पाहिलं, दिवा आपला शांत जळतोय. म्हणजे ही रोज... रोज बोलावत होती हो. आणि मी जात नव्हतो. मी तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. मग ही त्या खोक्याशी बोलायला लागली, इतक्या मऊ आवाजात, की मला वाटलं मुलीचा फोन आलाय.

"अगं ऐक, खालचा दिवा दोनदा घालव आणि लाव."

खोकं म्हणालं, "तो दिवा आता आपोआप चालतो."

ही म्हणाली, "मग यांना जेवायला बोलाव बाई."

"माफ करा, हे मला जमत नाही."

आणि ही म्हणाली, "मला तरी कुठे जमतं."

मी मघापासून म्हणतोय ना, मला काही वाटलं नाही, काही वाटलं नाही... ते तिथे जरा अडकलं. वर चारच पायऱ्या होत्या. जाऊन म्हणायचं, आलोय, वाढ. दोन शब्द! पण तोंडच उघडेना, सवयच नाही राहिली. वळलो, खाली आलो, इथे या स्टुलावर बसलो. हाताला काम सुचेना, नुसता बसून राहिलो. आणि दिवा गेला. त्या झरोक्यातून मागच्या बोळात उजेड पडतो ना, तो हिला वरून दिसतो. तो गेलेला तिने पाहिला असणार. कारण मी अंधारात बसलेलो, आणि वर ताट मांडल्याचा आवाज आला. गेलो. भात गरम. ती काही बोलली नाही. मी काही बोललो नाही. भात मात्र पुन्हा मागून घेतला.

तेव्हापासून असंच चाललंय. जावयांचा फोन येतो, "बाबा, कसं चाललंय?" मी म्हणतो, उत्तम. त्यांना सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायला हवं, आणि जावयाला हे कसं सांगणार? काही नाही, जेवायची वेळ झाली की मी हात मांडीवर ठेवतो आणि गप्प बसतो. दिवा जातो, ही वाढते, मी जातो.

फक्त आज तुम्ही आलात. तुमचा दोष नाही, गिऱ्हाईक आहात, याल तेव्हा या. पण तुम्ही पाय हलवताय, या ताई पदराने वारा घेताहेत, आणि मला बोलताना हातवारे केल्याशिवाय जमत नाही, मग तो डोळा कसला दिवा घालवतोय! वर भात निवत असेल. तेव्हा आता आपण असं करू, जरा गप्प बसू. कोणी हलू नका. श्वास घेतलात तरी चालेल, तेवढं त्याला कळत नाही. माझ्या पोटात केव्हाचे कावळे ओरडताहेत, पण तेही त्याला दिसत नाहीत, तेवढंच नशीब.