बरण्यांमधला पुठ्ठा

माशांचा डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाकावर थवी आणि बुनलू हे शेजारी आपापला झुंजीचा मासा बरणीत घेऊन बसले होते. एकमेकांना बघून मासे पिसाळू नयेत म्हणून दोन बरण्यांच्या मधोमध पुठ्ठा उभा केला होता. खिडकीत बसणाऱ्या प्रानोमबाईंनी थवीला अहवाल दिला आणि कान तिकडेच ठेवले.

"वाच, बुनलू! अस्सल महाचायचा रानमासा! उद्याच्या स्पर्धेत शुद्ध जातीच्या गटात जाणार!"

"असली झुपकेदार शेपटी रानमाशाला असते होय रे?"

"जळू नकोस, लेका. शिक्का आहे त्यावर."

"बाई, यात बापाचं नाव कुठंय?"

"काका, या तपासणीत आईकडचंच कूळ कळतं."

"अस्सं! थवी, साँगक्रानच्या सणात माझा हा बाजारातला काळू उडी मारून तुझ्या रानमादीच्या कुंडीत पडला होता. आठवतंय?"

"लगेच आणून दिला की!"

"तीन दिवसांनी! वर म्हणालास, फार दमलेला दिसतोय."

"हळू बोल ना, परीक्षकांच्या कानावर जाईल."

"मग तो पुठ्ठा काढा, व्याही. पोराला बापाचं तोंड तरी बघू दे."