राखेने पुसलेला शिक्का

हबीबभाईंच्या कुटुंबीयांनो, उमरखेडकर स्नेह्यांनो,

आयुष्यभर वर्गात बोललो, पण हातात कागद कधी घेतला नाही. आज घेतला आहे. आज एकही शब्द इकडचा तिकडे व्हायला नको, आणि आवाजावर माझा पुरेसा भरवसा नाही.

आधी एक दुरुस्ती. माझ्यापूर्वीच्या दोन वक्त्यांनी हबीबभाईंना 'भंगारवाले' म्हटले. प्रेमाने म्हटले, चुकीचे म्हटले. भंगार वजनावर घेतात. बसस्थानकामागच्या त्या दुकानात जुन्या फुलदाण्या होत्या, शोभेच्या बश्या होत्या, चिनी मातीची भांडी होती. त्यातले एकही हबीबभाईंनी कधी तराजूत घातले नाही. शोकसभेतही शब्द नेमका हवा.

हसा, हसा. माझ्या दुरुस्त्यांना तेही असेच हसत.

मी कलामहाविद्यालयात मृत्पात्रकला शिकवली. निवृत्त होऊन इथे उमरखेडला आलो, तेव्हा या विषयात यवतमाळ जिल्ह्यात आपल्या तोडीचा कोणी नाही, अशी माझी खात्री होती. पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो, एक बशी उचलली, उलटी केली आणि बुडावरचा कारखान्याचा शिक्का शोधायला भिंग काढले. हबीबभाई म्हणाले, "सर, पाहुणा घरी आला का तुमी आधी त्याचे तळपाय पाहता काय?"

मला राग आला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो.

पहिल्या रांगेत शेवंताबाई बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे, ते मी सांगणार आहे. कारण ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. पिशवीत एक फुलदाणी आहे. मोरपंखी निळी. झिलईचे ओघळ अर्ध्यावर येऊन थबकलेले. काही वर्षांपूर्वी शेवंताबाई लेकीच्या लहानशा घरी राहायला निघाल्या होत्या. सासूबाईंची ही वस्तू सोबत न्यावी की विकून टाकावी, एवढेच विचारायला त्या हबीबभाईंकडे आल्या. मी दुकानातच बसलो होतो. फुलदाणी उलटी केली. बुडाला शिक्का नाही. मी निकाल दिला, "जत्रेतला माल. किंमत शून्य."

बाईंचा चेहरा उतरला. माझा शब्द पुरावा धरून हबीबभाईंना ती चहाच्या पैशांत घेता आली असती. त्यांनी काय केले? फुलदाणीच्या गळ्यात बोट घातले.

"सर, आतून पाहा ना. चाकावरच्या हाताच्या वळ्या बोटाले लागून राह्यल्या. साच्यातला माल आतून गुळगुळीत राह्यते."

"मग शिक्का कुठे आहे?" मी विचारले.

ते बाईंकडे वळले. "मावशी, हे कायनं घासता तुमी?"

"राखेनं. रोज. सासूबाईचा दंडकच होता तसा."

"घ्या! पन्नास वर्षं राखेनं घासलं, सर, त तुमच्या दारावरच्या पाटीचं नावबी जाईन."

मी हसलो नाही. बोट घालूनही पाहिले नाही. "माझे मत कायम आहे," म्हणालो आणि उठलो. पायऱ्या उतरताना मागून ऐकू आले, "मावशी, इकू नका. सर अजून विचार करून राह्यले."

मंडळी, मी विचार करत नव्हतो. मी फक्त चिडलो होतो.

काही महिन्यांनी बाभुळगावचे एक गृहस्थ माझ्या घरी आले. त्यांच्या हातात त्याच फुलदाणीची जुळी बहीण! तोच निळा, तेच ओघळ. ती जन्मभर काचेच्या कपाटात राहिलेली. तिला राख कधी लागलीच नाही. बुडाला स्वच्छ शिक्का होता, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या एका नामांकित कारखान्याचा. ते गृहस्थ गेल्यावर मी काय केले? शेवंताबाईंना पत्र लिहिले. 'पुनर्विचारांती, आपली फुलदाणी हाताने घडवलेली, दुर्मीळ व जतन करण्याजोगी आहे.' पत्र निर्दोष होते. त्यात हबीबभाईंचे नाव नव्हते.

त्यानंतर कित्येक वर्षे मी त्या दुकानात चहा प्यायलो. मी विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. त्यांना काही ठाऊक नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या आठवड्यात त्यांची कन्या रुखसाना मला म्हणाली, "सर, बाभुळगावच्या त्या काकाले अब्बानंच धाडलं होतं तुमच्याकडे. म्हणे, माह्यं नाव सांगू नका. सर स्वतःच पाहतीन, मंग स्वतःच सुधारतीन."

मी विचारले, "तुझे अब्बा मला कधी हसले का गं?"

"लय! पण घरातच."

माझी चूक दुरुस्त व्हावी आणि मान खाली जाऊ नये, याची काळजी त्या माणसाने वाहिली. अशी काळजी मी माझ्या एकाही विद्यार्थ्याची वाहिली नाही. ते हयात असताना ही दुरुस्ती करायला हवी होती. आता उमरखेडसमोर करतो. फुलदाणी अस्सल. ओळखली हबीबभाईंनी. चुकलो मी.

शेवंताबाई, फुलदाणी द्या.

हबीबभाई म्हणत, "टिचकी मारली का साबूत भांडं गाते, तडकेलं खोकते." मी एकच टिचकी मारणार आहे. आपण सारे उभे राहू या. नाद विरेपर्यंत कोणी बोलू नये, आणि विरल्यावरही थोडा वेळ तसेच थांबावे.

त्याआधी एक काम राहिले आहे. भिंग मी आज घरीच ठेवून आलो आहे. आज गळ्यात बोट घालून पाहतो.

हं. लागतात, हबीबभाई. वळ्या लागतात.

सलाम.