गोदामातला किस्सा

...तर जेवत नाहीत म्हणजे नाहीतच, तुम्हाला सांगते. ताटावर बसायचं, घास हातात धरायचा आणि भिंतीकडे बघत राहायचं. मी म्हटलं, अहो, भिंतीला भरवताय का? तर म्हणतात, "अगं, टाळ्या वाजवल्या गं त्यांनी." आता टाळ्या पडल्या म्हणून उपाशी राहणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय कधी? पण मुळापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नवऱ्याची बदनामी करत सुटलीये.

आमचे हे विद्यापीठात अकाउंटिंग शिकवतात, त्यातही ऑडिट. आणि त्या विभागाची रीतच अशी, की तिथे नुसता शिकवणारा कोणी नाही, जो तो आधी कुठेतरी काहीतरी होता! एक बाई बँकेत कर्जं मंजूर करायच्या, त्या वर्गात पाऊल टाकतात तेच "आम्ही बँकेत असताना" म्हणत. एक जण करखात्यातून आलेले, ते हजेरी अशी घेतात की पोरं आपापले खिसे चाचपतात. एक विमावाले, त्यांच्यासमोर कोणी शिंकलं तरी त्यांना जोखीम दिसते. आणि आमचे हे? बाकावरून उठले, पदवी घेतली आणि फळ्यासमोर उभे राहिले. पुस्तक तोंडपाठ, पण गोदामाचं दार म्हणून कधी उघडून पाहिलेलं नाही. पोरं विचारायची, "सर, तुम्ही आधी कुठे होतात?" काय सांगणार, याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर? अहो, अनुभव काय दुकानात मिळतो?

दुकानात नाही, शेजारच्या खोलीत मिळाला. तिथे जुने सर बसायचे, उमेदीची सगळी वर्षं ऑडिटमध्ये घालवून शिकवायला आलेले. त्यांचा एक किस्सा होता. तरुणपणी ते एका साखरेच्या गोदामात माल मोजायला गेले. पोत्यांची थप्पी अगदी छताजवळ पोचलेली. बाकीचे खालून मोजायचे, हे वर चढले, मधोमध पाय ठेवला आणि... पायाखाली काहीच नाही. बाहेरून चारी बाजूंनी पोती, आत सगळी पोकळी. पडले ते थेट आत खाट टाकून झोपलेल्या पहारेकऱ्याच्या पोटावर, आणि तो डोळेसुद्धा न उघडता म्हणाला, "साहेब, आतलं मोजायचं नसतं."

जुने सर निवृत्त झाले आणि ह्यांनी एकदा वर्गात हा किस्सा सांगायला घेतला. "एक ऑडिटर होता" अशीच सुरुवात केली होती, असं शपथेवर सांगतात. पण पोरं डुलक्या काढत होती हो, आणि बोलता बोलता त्या ऑडिटरच्या जागी तोंडातून "मी" निघून गेलं. झालं, अख्खा वर्ग ताठ बसला. मग पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि घरी माझ्यासमोर तालीम. मीच एकदा म्हटलं, अहो, नुसतं काय पडता, एक चप्पल वर राहू द्या की, आणि मालकाचा कारकून ती पण मालात धरू दे. हो, चप्पल माझी. मला काय ठाऊक ती एवढी गाजेल? अनुभव काय दुकानात मिळतो, म्हणून घरी शिवला, एवढंच.

आणि मग विभागप्रमुख बाईंनी काढलं, "जुन्या सरांना बोलवू या, मुलांना अनुभव ऐकू दे." हे पांढरेफटक. मी म्हटलं, आधी गाठा त्यांना आणि सांगून मोकळे व्हा. "सांगतो," म्हणाले. त्या दिवशी जुने सर जिन्यातच भेटले, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय, वर्ग कसा आहे?" आणि हे म्हणाले, "छान आहे." झालं सांगून!

मी होते तिथे. "वहिनींनाही आणा," असा जुन्या सरांचा आग्रह, म्हणून ह्यांच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसलेली. सरांनी सुरुवात केली, "तरुणपणी मी एका साखरेच्या गोदामात..." आणि खसखस पिकली. पुढची एक मुलगी अगदी अदबीनं म्हणाली, "सर, ही आमच्या सरांची गोष्ट आहे." मागून कोणीतरी, "आणि चपलेचं राहिलं." अहो, माणसाला त्याच्याच पडण्यात दुरुस्त्या सुचवतायत! जुने सर थांबले. वर्गाकडे बघितलं, मग आमच्याकडे. ह्यांची मान खाली, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते, पर्समध्ये काही नव्हतं. सरांना कळलं. म्हणाले, "हो की, चपलेचं राहिलंच. तुमच्या सरांकडूनच ऐकलेली. म्हातारपणी आपलं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं, समजेनासं होतं." पोरं हसली. त्या म्हाताऱ्या माणसाला हसली हो. ह्यांनी तेव्हा उठायला हवं होतं. उठले नाहीत. आणि मी कोपरानं ढोसायला हवं होतं, मी पण ढोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात उभे राहिले आणि सगळं सांगितलं. किस्सा जुन्या सरांचा, मी गोदाम पाहिलेलंच नाही, चोरी माझी. मग मागून एकानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. ती पुढची मुलगी डोळे पुसत म्हणते, "त्या सरांची लाज राखायला तुम्ही स्वतःवर घेतलंत ना?" हे म्हणतायत, "अगं नाही, खरंच मी..." तर पोरं म्हणतात, "बघा, अजून घेतायत." आता काय करायचं? खरं बोलायचासुद्धा सराव लागतो, आणि तो अनुभव तरी कुठल्या दुकानात मिळतो?

मग आम्ही दोघं जुन्या सरांच्या घरी गेलो, माफी मागायला. त्यांनी चहा केला. म्हणाले, "घरात मी तो किस्सा सुरू केला की मुलगा उठून जातो. तुमच्या वर्गात कोणी ऐकत तरी होतं." दारापर्यंत सोडायला आले आणि मला म्हणाले, "वहिनी, चपलेचं तुमचं का? छान आहे." रागवायचं ना हो. चार शब्द सुनावले असते, तर आमच्या घशाखाली घास तरी उतरला असता.

आणि काल विभागप्रमुख बाईंनी ह्यांना बोलावून घेतलं, नव्या सत्रापासून व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय तुमच्याकडे. मी विचारलं, नाही म्हणालात ना? "म्हणालो," म्हणतात, "कारणही सांगितलं, अगदी पहिल्यापासून सगळं." मग? "त्या म्हणाल्या, इतका प्रामाणिक माणूस मला दुसरा कुठे मिळणार?" सोमवारी पहिला तास आहे.