डाव्या पायाची चप्पल

एकाच पायाची नाही देता येत हो हेमंतभाऊ, ही बनूबाई चपला जोडीनं विकते — आता सांगा, गेल्या आठवड्यात नेलेली डावी कुठं सांडली? रिक्षात? आणि एमआयडीसीच्या गेटवर वॉचमननं दाखवलं तेव्हा कळलं? वा! म्हणजे पाय तुमचा आणि खबर वॉचमनला! बसा त्या स्टुलावर. शुगर आहे ना? थोडीशी? सगळ्यांना थोडीशीच असते, जास्त फक्त शेजाऱ्याला. डोळे मिटा — मिटा हो, तुमची चप्पल नेऊन मी काय करू? सांगा, सुतळी कुठल्या बोटाला लावली? अंगठ्याला? अहो, अजून लावलीच नाही! आता? करंगळी दाबून धरलीय मी — कळत नाही? बघा! आमच्या ह्यांचं असंच तपासलं होतं डॉक्टरीणबाईंनी. शुगरनं पायाच्या नसा मरतात म्हणाल्या, पाय बधिर होतो, मग दुखलं-खुपलं, भाजलं, काही म्हणता काही कळत नाही. ह्यांना खडा रुतला तो कळलाच नाही, पाय पिकला, दोन बोटं गेली. तेव्हा उद्याच्या उद्या दवाखाना. उगाच "बघू" म्हणायचं नाही — का वहिनींना फोन लावू?

माझं? माझं काय मेलं! ह्यांचा पाय वाचू दे म्हणून आई एकवीरेला बोलले आणि चप्पल सोडली. हो, चपला विकते आणि अनवाणी फिरते — हसा, सगळा नाका हसतो. पालेगावातनं चालत येते रोज. पण आईची कृपा कशी बघा — सुरुवातीला डांबराचा असा चटका बसायचा की ब्रह्मांड आठवायचं, आणि आता भर दुपारी, मे महिन्यात, काही जाणवत नाही! तळव्याखाली आईनं पदर अंथरलाय जणू. परवा काच घुसली तर सुनेनं फरशीवरचं रक्त बघून ओरडा केला, मला पत्तासुद्धा नाही —

असे काय बघताय? माझ्या पायाकडं काय बघताय?

छे हो. मला कसली शुगर! तपासली? तपासायला वेळ कुणाला आहे? ती कृपा आहे, आईची — कृपाच ना?

...जा तुम्ही. शिफ्टची वेळ झाली. आणि ऐका — उद्या दवाखान्याला इथनंच रिक्षा करा. दोन शिटा धरा.