लाल शाईचा संप

प्रिंटर टाकायला काढलास? थांब रे, आधी मला दाखव. ताईच्या लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. बायोडेटा न्यायला मामा आमच्या चिंचपोकळीच्या खोलीत येऊन बसलेला आणि ताईचा फोटो छापून आला हिरवागार! आई म्हणाली, "पिवळी असती तर कावीळ तरी म्हटलं असतं."

"लाल शाई संपली असेल," मामा म्हणाला.

बाबा गिरणीत रंगखात्यात होते, गिरणीच्या संपात घरी बसले ते कायमचे. त्यांनी विचारलं, "किती दिवस बंद होता?"

"गणपतीपासून."

"मग संपली नाही, संपावर गेलीय. जाणार ती लालच!"

मी म्हटलं, "माझ्यावर सोडा." कार्ट्रिज काढलं आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर त्याचं तोंड दाबून धरलं. निळा डाग आला, पिवळा आला, लाल काही येईना.

"भाओजी, भंगारात द्या, नवीन घ्या," मामा म्हणाला.

बाबा तडकले, "बंद पडला की लगेच भंगार? दम धर जरा!"

तेवढ्यात फडक्यावर गुलाबी ठिपका फुटला. पुढच्या कागदावर ताई माणसात आली. बाबांनी प्रिंटरच्या पाठीवर थाप मारली.

"चला, ह्याला तरी परत कामावर घेतलं."