दैवशाला दर्यावर

— घ्या की नर्मदाबाई, चहा घ्या, त्या कपाला मासा न्हाई लागलेला! माझी पोर मासे चिरती ते तिकडं, विलायतेत. हितं पेडगावात आमच्या घरात मासा शिजत न्हाई. आता सोयरीक जोडायला आलात तर इचारणारच तुमी — करती काय? तर दर्यातले मासे शिकती माझी दैवशाला. हैद्राबादच्या कालेजात पयली आली, वजिफा मिळाला, सरकारी पैसा शिकायला. तवा हैद्राबाद आपलं होतं, आता मुंबईत घातलंय मनं आपल्याला. वजिफा मातर तोच. माशाच्या कानात बारका खडा आसतो, त्यो चिरला की उमर कळती मनं माशाची. — तिची? चोवीस. मजी... सत्तावीस. बगा, खडा न चिरताच सांगितली.

न्हाई हो, जहाजावर न्हाई जात ती, तुमच्या लेकानं घोर करू नये. जाऊच देईनात! बाई चढली की जहाजाला साधत न्हाई मनं — आन् हे सायेब लोक, लय शिकलेले. गड्यांनी मासे आणायचे, हिनं काठावर बसून चिरायचे. मंग ही गेली तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडं. त्यो मनला, चल. गेली की! — हो, गेली. आता तोंडातून निघालंच माझ्या. वादळ लागलं. पोटातलं सगळं भाईर. दोराला धरून बसली, मेलेच मनली. आन् जाळं वर आलं तर तसल्यातच उठून मासे निवडायली. तवापसून सायेबच जहाजावर घेऊन जातेत तिला.

उन्हाळ्यात आली तवा सांगितलं समदं, हितंच, वसरीवर बसून. मी मनलं, भ्याली न्हाईस का गं? मनली, आई, लय भ्याले — आन् हसायली. आसं हसताना बाप गेल्यापसून बगितलं नव्हतं तिला.

— तिथलं शिकणं? सोडंल की. तुमची तेवढीच अट हाय तर सोडंल. माझा शब्द मोडत न्हाई ती. मी नुसतं ये मनलं तर पयल्या बोटीनं येईल. वाद घालणार न्हाई, रडणार न्हाई. चूल सांभाळंल, तुमच्या पाया पडंल, इचारलं तेवढं बोलंल... हसायची न्हाई मातर.

नर्मदाबाई, पोरगा गुणाचा हाय तुमचा. तुमच्या ताडकळसाकडचीच बगा एखादी पोरगी. — न्हाई, राग कशाचा? ही पिशवी तुमचीच ना? धरा. गाडीची येळ झाली.