कळंबाचा पाला

माझं नाव गोमली. जन्म तांड्यावरचा, कळमनुरीपासून आत, डोंगराच्या कडंला. तवा जिल्हा परभणीच व्हता, हिंगोली जिल्हा मागून झाला. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, तर माझी याडी पळसाच्या पानाच्या पत्रावळ्या लावायची, आन् मी तिच्या मागंमागं डोंगरात हिंडायची, म्हून झाडं मला माणसांच्या आधी कळली असं म्हणा. शाळा न्हाई पाह्यली. आमचे वाडवडील बैलांवर मीठ अन् धान्य वाहत लांब लांब जायचे म्हणतात, ते म्या काही पाह्यलं न्हाई, म्या पाह्यला तो डोक्यावरचा पानाचा भारा अन् बाजारचा रस्ता.

लगीन झालं, नवरा हरी बराबर माझ्यासारखाच, कमी बोलायचा अन् बैलाला जीव लावायचा. मंग नव्वद सालाच्या पुढं कागदाच्या पत्रावळ्या आल्या अन् आमच्या पानाला बाजारात कोणी इचारंना. याडी म्हणली, आता गं काय करावं. अन् त्याच वैशाखात माझ्या भावाच्या पोरीचं लगीन निघालं. आता उन्हाळ्यात फुलं कुठं मिळतात, तुमीच सांगा. झेंडू न्हाई, शेवंती न्हाई, भाऊ नांदेडहून गुलाब घेऊन आला तर वारंगा फाट्यावर बसमधून उतरवेपर्यंत पार काळा. पोरगी रडून राहिली, माझा मांडव बोडका म्हून. म्या म्हणलं, रडू नको, डोंगरात बहावा पिवळाधमक फुललाय, तो काय कोणाच्या बापाचा हाय. दिस उगवायच्या आत गेलो मी अन् हरी अन् गाडीभर आणला.

त्याचं बी तंत्र हाय बरं का. बहावा उन्हं यायच्या आत तोडावा, न्हाई तर दुपारपर्यंत सगळ्या पाकळ्या खाली. तोडला की वल्ल्या बारदानात गुंडाळावा. त्याचे घोस खाली लोंबतात ना, ते तसेच कमानीला सोडावे, वळवायला जाऊ नये. मागं पाला करंजाचा, भर उन्हाळ्यात हिरवागार फक्त करंज. शिरीषाची फुलं वासाला, पण ती नवरीच्या बसायच्या जागी, कारण ती नाजूक. मोगऱ्याच्या कळ्या आदल्या सांच्याला वल्ल्या फडक्यात ठेवल्या की बराबर अक्षता पडायच्या टायमाला उमलतात. हे मला कोणी शिकवलं न्हाई, चुका करून करून कळलं.

अन् एक माझं स्वतःचं व्हतं. मांडवात लोक चपला काढून येतात अन् खाली भुई तापलेली, लेकरं तर नाचतात नुसती. म्हून मी कमानीपासून नवरीच्या पाटापर्यंत पाणी शिंपडून वर पाला अंथरायची. पाव्हणे म्हणायचे, बाई, पायाला असं गार वाटून राहिलं की बस. त्या पाल्यानंच माझं नाव झालं. तीन-चार उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या गावातनं बोलावणी यायला लागली, मी तांड्यावरची बाई अन् मोठमोठ्या घरच्या लग्नाला माझा मांडव. मला लई गर्व झाला व्हता, खोटं काहून बोलू.

मंग कुरुंद्याकडले एक आबा आले, हळदीचे मोठे शेतकरी, सोता जीप घेऊन तांड्यावर. त्यांच्या पोरीचं, सुनीताचं लगीन. म्हणले, पाव्हण्याकडं तुझं काम पाह्यलं, तसंच पाह्यजे. म्या व्हय म्हणलं. पण त्या वर्षी काय झालं, गारा पडल्या अन् बहावा सगळा झोडपला. मी अन् हरी आदल्या दिशी त्यांच्या गावच्या शिवारात हिंडून राहिलो, काय मिळंना. अन् ओढ्याच्या कडंला पाहते तर कळंब. लिंबाच्या आकाराचे पांढरट पिवळे गोंडे, वास असा की मधमाशा वेड्या झालेल्या. झाड जुनं, पार ओढ्यावर वाकलेलं, अन् खालपासून वरपर्यंत एक बी फांदी तुटलेली न्हाई. तवाच माझ्या डोक्यात यायला पाह्यजे व्हतं. सरपणासाठी बाया बाभळीची काटकी सोडत न्हाईत, अन् इतक्या जुन्या झाडाला कोणी हात लावलेला न्हाई. मला उलट वाटलं, कोणी राखण करून न्हाई राहिलं, म्हंजे कोणाचं न्हाई.

दुसऱ्या दिशी पहाटे आमी हात पोचंल तितकं सगळं तोडलं. दिस वर येईपर्यंत मांडव तयार. कमानीला गोंड्यांच्या माळा अन् खाली पाण्यावर कळंबाचा पाला, दाट, गादीवाणी. आबा पाव्हणे आणायला वसमतला गेलेले, बाया मागच्या दारी सैपाकात, कोणी नीट पाह्यलंच न्हाई. मी एका बाजूला बसून चहा पिऊन राहिले अन् मनात म्हणते, गोमले, असा मांडव जिल्ह्यात न्हाई.

तेवढ्यात सुनीताचे चुलता-चुलती मागच्या दारानं वाजंत्री लावून निघाले, हातात ताट, हळदकुंकू, नारळ. म्या एका बाईला इचारलं, कुठं चालले, तर म्हणली, देवक आणायला. आता आमच्या तांड्यात देवक न्हाई, मला ठाऊक नव्हतं. ह्या शेतकरी कुळांत दर कुळाचं एक झाड असतं, ते त्यांचा वाडवडील असल्यावाणी. त्याची पूजा करून एक फांदी वाजतगाजत मांडवात आणायची, तिच्यापुढं हळद, मंगच लगीन. बाकी जन्मभर त्या झाडाला कोयता लावायचा न्हाई, त्याची काडी चुलीत घालायची न्हाई.

वाजत गेली ती माणसं अन् परत आली मुकी. नारळ तसाच ताटात. चुलती पुढच्या दारानं आली, तिनं कमानीकडं वर पाह्यलं, मंग खाली आपल्या पायाकडं पाह्यलं अन् विस्तवावर पाय पडल्यावाणी बाजूला झाली. तिथंच बसली अन् डोळ्याला पदर लावला. मला काय झालं ते समजलं न्हाई, मी चहा तसाच ठेवून उठले.

आबा आले. त्यांनी मला इचारलं, कोणाला इचारून तोडलं. म्या म्हणलं, आबा, झाड मोकळं व्हतं. ते म्हणले, बाई, ते आमचं देवक हाय. तू आमच्या बापाला तोडून आमच्याच पायाखाली अंथरलं. काय सांगू तुमाला, त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. गर्दी जमली, कोणी म्हणलं आता हळद लावू नका, कोणी म्हणलं पोरीच्या संसाराला हे बाधणार. आबा म्हणले, हे सगळं उपटून रस्त्यावर फेका, अन् हिला गावाबाहेर काढा, वऱ्हाड यायच्या आत. हरीनं बैल जुपायला घेतले. मी पोरीकडं पाह्यलं, ती हळदीसाठी जुनं लुगडं नेसून दारात उभी, अन् मला वाटलं, म्या हिच्या जन्माचं वाटोळं केलं.

ती पायऱ्या उतरून खाली आली. तशी लाजरी पोरगी, मान वर करून बोलताना म्या तिला पाह्यली नव्हती. ती म्हणली, आबा, लोकांच्या लग्नाला देवकाची एक फांदी येते, माझ्या लग्नाला आख्खं झाड आलं, अन् तुमी त्याला रस्त्यावर फेकायला लावून राहिले व्हय.

आबा गप राहिले. ती खाली बसली, एक पान उचललं, कपाळाला लावलं, वटीत टाकलं. मंग दुसरं. चुलती उठली अन् तिच्या जोडीला बसली. म्या भीत भीत म्हणलं, मी हात लावू का. चुलती म्हणली, ज्या हातानं तोडलं त्याच हातानं उचल. गुडघ्यावर रांगत पान न् पान वेचलं आमी, ओढ्यावर नेऊन झाडाच्या बुडाशी ठेवलं, म्या त्या बुंध्यावर डोकं टेकलं. चुलता शेंड्यापर्यंत चढला अन् एक फांदी घेऊन आला. वरच्या माळा तशाच ठेवल्या, चुलता म्हणला, डोक्यावर असलं तर चालतं. हळद लागली, लगीन लागलं.

पण गोष्ट तिथं सरली न्हाई. तीन वर्षं झाली, पाच झाली, सुनीताच्या पोटी लेकरू न्हाई. बाजारात बाया मला ऐकू जाईल असं बोलायच्या, देवक तुडवल्यावर काय व्हणार. कामं कमी झाली, त्याची तकलीफ झाली, पण ती सोसली. त्या पोरीचं मला सोसंना. दर वैशाखात मी हरीला घेऊन त्या कळंबाला जायची अन् दोन घागरी पाणी घालून यायची. एवढ्या मोठ्या झाडाला दोन घागरींचं काय, पण माझं मन मानत नव्हतं. अन् तवापासून कोणी मांडव सांगायला आलं की आधी मी देवक इचारते, मंग बाकीचं.

पुढं आमी वारंगा फाट्यावर चहाची टपरी टाकली. त्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली असतील, चैताचे दिस, बसमधून एक बाई उतरली अन् सरळ टपरीवर आली. सुनीता. अंगानं भरलेली, चाल ठाम. म्हणली, मावशी, नणंदंचं लगीन हाय, मांडव तुमीच करायचा. माझ्यानं तिच्याकडं पाहवंना. मी तिचे पाय धरायला वाकले, म्हणलं, पोरी, माझ्या पाल्यानं तुझी कूस रिकामी राहिली.

तिनं मला उठवलं. म्हणली, मावशी, नांदेडच्या डाक्टरनं आमा दोघांना काय ते सांगितलं, त्यात पाल्याचा काही संबंध न्हाई. अन् मंग म्हणली, दहावीच्या पुढं शिकू द्या म्हणलं तवा आबानं माझ्याकडं पाह्यलं बी न्हाई. लगीन ठरवलं तवा इचारलं न्हाई. त्या दिशी मी बोलले अन् आबा गप राहिले, जन्मात पयल्यांदा. सासरी लेकरावरून कोणी वाकडं बोललं की मला तेच आठवतं, अन् मी उलटून बोलते, मावशी, गप न्हाई बसत.

मी टपरीत बसून लई रडले, गिऱ्हाईक पाहून राहिलं तरी रडले. तिनं मला पाणी दिलं, मंग मी इचारायच्या आत तीच सांगून मोकळी झाली, सासरचं देवक जांभूळ, माहेरचं तुमाला ठाऊकच हाय, ही दोन सोडून काय बी लावा.

आता सगळीकडं प्लास्टिकची फुलं आली, ती सुकत न्हाईत, धुऊन परत लावतात. माझे गुडघे गेले, हरी बी थकला, वर्षाला चार-दोन मांडव करते, झालं. सुनीता महिन्याकाठी एकदा येते, चहा पिते, सासूशी काय भांडली ते सांगते, अन् मी हसते. तिला लेकरू पाह्यजे व्हतं, मला ठाऊक हाय, ते मी कोणापाशी मागू ते मला कळत न्हाई. पण तिचं तोंड कोणी बंद करू नये, एवढं मी रोज सांच्याला दिवा लावताना मागते.